जुन्या सुबारूला दुसऱ्या सुबारूचा पार्ट लावताना

सुबारू ही जपानी गाडी. माझ्या १९९८ च्या सुबारू लेगसी आउटबॅकमध्ये १९९५ च्या लेगसीचं इंजिन आहे आणि मागचं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा) तिसऱ्याच गाडीचं. डेनव्हरच्या बर्फात ही गाडी रोज चालते. जुन्या सुबारूची हीच खरी गंमत आहे. १९८९ मध्ये पहिल्या लेगसीबरोबर ईजे मालिकेचं इंजिन आलं आणि २०२१ च्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयपर्यंत त्याच घराण्यातली इंजिनं लागत राहिली. एवढ्या वर्षांत बोल्टची भोकं, गिअरबॉक्सचं तोंड, चाकांची मापं फारशी हलली नाहीत. जंकयार्डात उभ्या असलेल्या दहा सुबारूंपैकी पाच-सहांचे पार्ट तुमच्या गाडीला बसतात.

पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. हा लेख त्या फरकासाठी लिहिला आहे, कारण तो मी पैसे मोजून शिकले.

आधी आपली गाडी ओळखा

नुसतं ‘९८ ची आउटबॅक’ एवढ्यावर पार्ट घ्यायला जाऊ नका. चार गोष्टी कागदावर लिहून खिशात ठेवा: इंजिन कोणतं, गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवरचा, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या आवरणावरचा, कोड (मॅन्युअलचा टीवाय ने सुरू होतो, ऑटोमॅटिकचा टीझेड ने), आणि फायनल ड्राइव्ह रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या शाफ्टचे किती फेरे होतात तो आकडा. टायरचं मापही लिहा. आपल्या वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा ते त्यात दिलेलं असतं आणि तिथे अंदाज चालत नाही.

डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स: इथे घाई नको

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, सुबारूत पुढचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असतं आणि मागचं वेगळं, गाडीच्या शेपटाकडे. दोघांचा रेशो एकच हवा. जुन्या गाड्यांत ३.९०, ४.११ आणि ४.४४ हे तीन रेशो वारंवार भेटतात, आणि बाहेरून तिन्ही डबे सारखेच दिसतात.

माझ्या गाडीचं मागचं डिफरन्शियल वाजायला लागलं तेव्हा मी यार्डातून दुसरं आणलं. एका दुपारीत बसलं, सगळे बोल्ट हाताने गेले, मी खूश. संध्याकाळी पार्किंगमध्ये वळण घेताना गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी अडायला लागली, चाकं फरशीवर उड्या मारत होती. माझ्या गिअरबॉक्सचा रेशो ४.४४ होता आणि आणलेला डबा ४.११ चा. पुढची आणि मागची चाकं एकाच रस्त्यावर दोन वेगांनी फिरायला बघत होती आणि ते भांडण पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचच्या प्लेटा सोसत होत्या. ऑटोमॅटिकमध्ये या प्लेटा जळतात, मॅन्युअलमध्ये व्हिस्कस कपलिंग (तेच काम दाट द्रवाने करणारा भाग) तापून निकामी होतं. दोन्ही दुरुस्त्या त्या डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट.

सुदैवाने त्या काळातल्या ऑटोमॅटिक सुबारूत बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ताकद) लिहिलेला एक रिकामा फ्यूजहोल्डर असतो. त्यात फ्यूज घातला की मागच्या चाकांकडे जाणारी ताकद बंद होते. तो घालून मी घरी पोचले. हा फ्यूजहोल्डर तुमच्या गाडीत कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. छोटी स्टेपनी लावून जायची वेळ आली तरी तोच कामाला येतो.

तर रेशो मोजायचा कसा? लेबलवर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, हाताने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

१. सुटा डबा असेल तर तो जमिनीवर घट्ट टेकवा. एका बाजूचं एक्सलचं तोंड मदतनिसाला पक्कं धरायला सांगा.

२. दुसऱ्या बाजूच्या तोंडावर आणि पुढच्या फ्लँजवर (जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो) खडूने एकेक रेघ ओढा.

३. फ्लँज फिरवत राहा आणि मोकळ्या तोंडाचे बरोबर २० फेरे होऊ द्या. तोपर्यंत फ्लँजचे किती फेरे झाले ते मोजा. ३९ आले तर रेशो ३.९०, ४१ च्या किंचित वर गेले तर ४.११, साडेचव्वेचाळीसच्या आसपास आले तर ४.४४.

एक बाजू धरलेली असताना दुसरी बाजू दुप्पट फिरते, म्हणून २० फेरे म्हणजे आतल्या मोठ्या चक्राचे १०. लोक एक-दोन फेरे मोजून थांबतात आणि ४.११ नि ३.९० मध्ये फसतात. २० मोजा. मात्र ही पद्धत साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलसाठी आहे. लिमिटेड स्लिपचा (दोन चाकांना फार वेगवेगळं फिरू न देणारा) डबा एक बाजू धरून असा मोकळा फिरत नाही.

गाडीत बसलेला डबा याच रीतीने तपासता येतो. फक्त लक्षात ठेवा की मागची चाकं फिरवायची तर हॅन्डब्रेक सोडावा लागतो. म्हणून सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, आणि मागे दोन जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

इंजिन: २.५ च्या जागी २.२

१९९६ ते १९९९ या वर्षांत अमेरिकेतल्या लेगसी-आउटबॅकमध्ये आलेलं २.५ लिटरचं ट्विन कॅम इंजिन, म्हणजे ईजे-२५डी, हेड गॅस्केटसाठी (सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) बदनाम आहे. गॅस्केट आतून फुटतं, सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतो, चढावर तापमानाचा काटा लालवर जातो. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आणि काळपट मळी दिसली तर समजून जा. गॅस्केट बदलता येतं, पण इंजिन आधी बऱ्याचदा तापलेलं असेल तर मी त्यात पैसे घालणार नाही.

त्याऐवजी १९९५ च्या लेगसीचं २.२ लिटरचं ईजे-२२ शोधा, तेही ऑटोमॅटिक गाडीतलं. तेच वर्ष का? एक, त्याच्या प्रत्येक हेडला खाली दोन एक्झॉस्ट तोंडं असतात, २.५ ला असतात तशीच, त्यामुळे तुमचा सायलेन्सरचा पाइप जसाच्या तसा लागतो. १९९६ पासूनच्या ईजे-२२ ला एकच तोंड आहे, तिथे पुढचा पाइपही सोबत घ्यावा लागतो. दोन, ऑटोमॅटिकवाल्या इंजिनावर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) असतं. ते नसेल आणि तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर ते शोधत असेल तर चेक इंजिनचा दिवा विझणार नाही. तीन, या ईजे-२२ मध्ये टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. १९९७ पासूनच्या इंजिनात आदळतात. बदल्यात सुमारे ३० हॉर्सपॉवर कमी मिळतात. घाट चढताना ते जाणवतं, हे प्रामाणिकपणे सांगते, मला चालतं.

यार्डातून इंजिन घेताना इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) आणि त्यावरचं वायरिंग सोबतच घ्या, सुटं करू देऊ नका. खाली वाकून टॉर्चच्या उजेडात एक्झॉस्टची तोंडं स्वतः मोजा.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप नवे घाला. आत हात पोचतो तेव्हा हे काम दोन तासांचं आहे, गाडीत बसल्यावर दिवसाचं. बेल्ट लावताना एक चूक फार जण करतात. क्रँकच्या पुलीवर एक बाण दिसतो आणि माणूस तोच वर आणून ठेवतो. तो बाण बेल्टसाठी नाही. पुलीच्या मागच्या बाजूला बाहेर आलेले दात असतात, त्यांतल्या एकावर बारीक रेघ कोरलेली असते. ती रेघ वरच्या खुणेशी जुळवायची. काळ्या तेलकट लोखंडावर ती रेघ दिसत नाही, म्हणून ब्रेक क्लीनरने पुसून पांढऱ्या मार्करने रंगवा. मी रंगवलेला ठिपका आजही तिथे आहे.

ऑटोमॅटिकमध्ये दुसरी जागा जपायची ती टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल भागाची. इंजिन काढताना बेलहाउसिंगच्या वरच्या खिडकीतून त्याचे चार बोल्ट सोडा आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच राहू द्या. नवीन इंजिन भिडवण्याआधी कन्व्हर्टर हाताने आत दाबत फिरवा. तो टप्प्याटप्प्याने, टक टक करत आत सरकतो. पूर्ण बसला नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळून इंजिन-गिअरबॉक्स जवळ ओढलेत, तर ऑटोमॅटिकचा ऑइल पंप फुटतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं हाताच्या जोराने एकमेकांना टेकली पाहिजेत. बोल्ट लावून ओढावी लागत असतील तर थांबा, काहीतरी अडलंय.

कूलंट भरताना गाडीचं नाक थोडं उंच ठेवा आणि वरचा पाइप दाबत सावकाश भरा. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात हवा अडकून बसते आणि चांगलं इंजिन उगाच तापतं.

ब्रेक: कमी पैशातला चांगला बदल

माझ्या धाकट्या दिरांकडे २००३ ची डब्ल्यूआरएक्स आहे. तिच्या मागच्या चाकांना आम्ही त्याच काळातल्या सहा सिलिंडरच्या आउटबॅकची २९० मिलिमीटरची डिस्क लावली. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि पॅड आधीचेच राहतात, फक्त डिस्क आणि कॅलिपरचं ब्रॅकेट बदलतं. ब्रेक ऑइलची नळी उघडायचीच नाही, त्यामुळे हवा काढायचं कामही नाही.

चाक काढा, हॅन्डब्रेक सोडा, कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगा; नळीवर लोंबकळू देऊ नका. ब्रॅकेटचे दोन बोल्ट मागून सुटतात. गंज असेल तर आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा. डिस्क चिकटली असेल तर हातोडा मारत बसू नका. डिस्कवरच दोन आटे असलेली भोकं असतात, त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने फिरवले की ती आपोआप सुटते. मागचा पत्र्याचा धूळरोधक नव्या डिस्कला घासतो, त्याची कड पकडीने मागे वळवा. ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने ५२ न्यूटन-मीटरला आवळा.

इथेही जुळणीची एक परीक्षा आहे. हॅन्डब्रेकचे शू डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये बसतात. या डिस्कचा ड्रम १७० मिलिमीटरचा आहे, पण २००५ नंतरच्या लेगसीच्या तशाच दिसणाऱ्या डिस्कचा ड्रम १९० चा. ती लावली तर पायाचा ब्रेक उत्तम लागतो आणि हॅन्डब्रेक मुळीच धरत नाही. टेप घेऊन आतून मोजा. चाकं किमान १६ इंची हवीत. आणि पुढचे ब्रेक थकलेले असतील तर आधी ते करा, कारण थांबवण्याचं बरंचसं काम पुढचीच चाकं करतात.

चाकं आणि टायर

बहुतेक जुन्या सुबारूंची चाकं १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच नटांची असतात. २००५ पासूनच्या एसटीआयची ११४.३ ची आहेत, ती लागणार नाहीत. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले ठेवा. घेरातला फरक पाव इंचाच्या आत हवा. एकच नवा टायर घालणं म्हणजे चुकीच्या रेशोचा तोच त्रास हळूहळू ओढवून घेणं.

कायदा आणि भारतातली फॉरेस्टर

कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवं असावं लागतं, म्हणजे माझी ९८ ची गाडी ९५ च्या इंजिनासह तिथे पास होणार नाही. इंजिन विकत घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघा.

भारतात सुबारू आली ती शेव्हर्ले फॉरेस्टर या नावाने. तेव्हा सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये जनरल मोटर्सचा सुमारे २० टक्के हिस्सा होता. नाकावर शेव्हर्लेची खूण असली तरी आतली गाडी सुबारूच आहे, तेव्हा पार्ट सुबारूच्या नंबरने शोधा. स्टीअरिंगशी संबंधित पार्ट अमेरिकेतून मागवू नका, ते डाव्या बाजूच्या स्टीअरिंगचे असतात. जपान, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमधले बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र कडक आहे. झिजलेल्या पार्टच्या जागी त्याच मापाचा पार्ट ठीक, पण इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या.

काम झाल्यावर

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू, आठच्या आकड्यात गाडी फिरवा. कुठे अडली, उडी मारली किंवा मागून ओढ लागली तर तिथेच थांबा आणि रेशो पुन्हा मोजा. नवीन डिस्क घातली असेल तर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा ब्रेक लावा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. मधे डिस्क गार होऊ द्या. घरी आल्यावर गाडीखाली एक जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर ठिपका असेल तर त्याचा रंग बघा: हिरवा किंवा निळा म्हणजे कूलंट, लाल म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑइल, तपकिरी-काळा म्हणजे इंजिन ऑइल. साधारण ८० किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा, गाडी पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा, आणि कोणत्या गाडीचा कोणता पार्ट कधी लावला ते वहीत लिहून ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी बॉनेट उघडणाऱ्या मेकॅनिकला १९९८ च्या गाडीत १९९५ चं इंजिन आहे हे दुसरं कोण सांगणार?