अग्निवीर भरती: सोळाशे मीटरपासून कसम परेडपर्यंत

दहावी-बारावी करून भारतीय सैन्यात शिपाई व्हायचे असेल, तर बहुतेकांसाठी आता वाट एकच: अग्निपथ योजना. तीतून भरती होणारा तो अग्निवीर. १४ जून २०२२ ला ही योजना जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, आणि ट्रेनिंगचा काळ त्यातच धरलेला. चार वर्षांनंतर बॅचमधल्या जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम केले जाते. हे आधीच घरी सांगून ठेवा. आणखी एक गोष्ट सांगा: भरतीच्या वेळी अविवाहित असावे लागते आणि ही चार वर्षे पुरी होईपर्यंत लग्न करता येत नाही.

पूर्वी आधी ग्राउंड (मैदानावरची शारीरिक चाचणी) आणि मग लेखी असे. २०२३ पासून क्रम उलटा आहे. आधी ऑनलाइन परीक्षा, तीत निवडले गेले तरच ग्राउंडचे बोलावणे. अर्ज सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा, उमेदवाराच्या वाट्याची फी २५० रुपये. त्याहून एक रुपयाही कोणाला द्यायचा नाही. 'आत ओळख आहे' म्हणणारा दलाल दहा पोरांकडून पैसे घेतो. त्यातली दोन-तीन स्वतःच्या दमावर लागतात आणि श्रेय तो घेतो. त्याचा धंदा एवढाच.

जनरल ड्युटीसाठी, म्हणजे साध्या शिपायाच्या पदासाठी (सगळे 'जीडी' म्हणतात), दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ लागतात. क्लार्कसाठी बारावीला ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. जीडीचा पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा, वेळ एक तास, आणि तो मराठीतूनही देता येतो. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीला अर्धा वजा. म्हणजे चारपैकी एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला, तरी प्रश्न सोडू नका, हिशोब तुमच्या बाजूने आहे. वेळ खरा जातो तो गणितात. ते शेवटी घ्या.

महाराष्ट्रातल्या उमेदवाराला जीडीसाठी उंची १६८ सेंटिमीटर आणि छाती ७७ सेंटिमीटर लागते, फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. वयाची मर्यादा आणि आदिवासी उमेदवारांची सवलत त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा, मित्राच्या मोबाइलवरच्या फॉरवर्डमध्ये नको.

आता ग्राउंड. सोळाशे मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत मारले तर ६० गुण, त्यानंतर ५:४५ पर्यंत ४८. चारशे मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर साडेपाच मिनिटांसाठी एका फेरीला ८२ सेकंद येतात. पोरे घसरतात ती पहिल्याच फेरीत. धक्काबुक्कीत पुढे राहायचे म्हणून ७० सेकंदांत पहिली फेरी मारतात, तिसऱ्या फेरीला पाय जड होतात आणि शेवटच्या फेरीला शंभर सेकंद लागतात. म्हणून सरावात घड्याळ लावून प्रत्येक फेरी ८० ते ८२ सेकंदांत बसवा: चारशे मीटर सहा वेळा, मध्ये दीड मिनिट विश्रांती, आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस सावकाश चार-पाच किलोमीटर. रोज फुल दमाने सोळाशे मारणाऱ्याची नडगी महिन्याभरात दुखू लागते. सराव मातीवरच करा. डांबरावर नडगी आणखी लवकर जाते.

पळून झाल्यावर बीम, म्हणजे बारला लटकून अंग वर ओढणे (पुल-अप). दहा बीमला ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६ गुण. हात पूर्ण सरळ व्हायला हवेत, हनुवटी बारच्या वर जायला हवी, आणि झोका घेतला तर तो बीम मोजत नाहीत. घरी ताज्या दमाने बारा मारणारा ग्राउंडवर सातवर अडकतो, कारण नुकताच पळून आलेला असतो. म्हणून घरीही बीम पळून झाल्यावरच मारा. नऊ फुटी खड्डा (उडी मारून ओलांडायचा) आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणे) यांना गुण नसतात, पण दोन्ही पास व्हावेच लागतात. खड्ड्यात चूक एकच होते: धावत येऊन काठाच्या अलीकडे पाय रोखला जातो. आपली पावले मोजून ठेवा.

मेडिकलला बरीच पोरे आजाराने नव्हे, निष्काळजीपणाने अडकतात. कानात मळ असेल तर डॉक्टरांना पडदाच दिसत नाही. कान पंधरा दिवस आधी साफ करून घ्या, आदल्या रात्री काडी घालून जखम करू नका. ओल्या पायाने फरशीवर उभे राहा. तळव्याचा पूर्ण ठसा उमटला तर सपाट पायाची शंका आहे, डॉक्टरांना दाखवा. गुडघे जुळवून उभे राहिल्यावर दोन घोट्यांमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहिले तर 'नॉक नी' धरतात. किडलेले दात, हायड्रोसील (अंडकोषात पाणी साचणे), मूळव्याध, तळहाताला सतत येणारा घाम, रंग ओळखण्यातला दोष, हे सगळे तपासले जाते. टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असला तरच चालतो. एवढी पूर्वतपासणी सराव सुरू करण्याआधीच करा. अनफिट ठरलात तर सैनिकी रुग्णालयात पुन्हा तपासणी मागता येते, पण त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. हातात दिलेला कागद तिथेच नीट वाचा.

कागदपत्रांत महाराष्ट्रातल्या पोरांची खास अडचण म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांच्या नावात 'राव' आहे, कुठे नाही. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरली जाते. आधार तसे दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या आधीच ते उरका. डोमिसाइल, जातीचा दाखला, शाळेचा आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला, सरपंचाचा फोटोसह अविवाहित दाखला, प्रतिज्ञापत्र आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे ताजे फोटो वीस. चारित्र्याचे आणि अविवाहित असल्याचे दाखले सहा महिन्यांच्या आतले हवेत. एनसीसी प्रमाणपत्र असेल तर न्याच, त्याचे बोनस गुण मिळतात.

निवड झाली की ट्रेनिंगचे सेंटर मिळते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे (सैन्यातले इंजिनिअर) खडकीला. जीडीचे ट्रेनिंग साधारण ३१ आठवड्यांचे, आणि शेवटी कसम परेड, म्हणजे शपथ घेण्याची परेड. पहिले काही दिवस केस कापणे, कागदपत्रे, पुन्हा मेडिकल आणि किट घेण्यात जातात. दिवस उजाडायच्या आत सुरू होतो: फॉलिन (रांगेत हजर होणे), पीटी, नाश्ता, ड्रिल, हत्यार, वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणायचे. हुकूम हिंदीत, म्हणून हिंदी कच्ची असेल तर पहिले पंधरा दिवस त्रास होतो. एकाची चूक झाली की सगळ्या प्लाटूनला (तुकडीला) रगडा, म्हणजे दमवणारी शिक्षा मिळते. ते मनाला लावून घेऊ नका, उस्तादांचा राग कोणा एकावर नसतो. फोन फारसा हातात नसेल हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर आई पहिल्याच आठवड्यात घाबरून जाते.

सगळ्यात जपायचे ते पाय. नवे बूट चावतात, फोड येतात, फोड लपवून पोर लंगडत पळते आणि त्यातून नडगीचे हाड चिरते. मोजे रोज धुतलेले आणि कोरडे, नखे सरळ कापलेली, आणि दुखणे दोन दिवस टिकले तर एमआय रूम (सेंटरमधला दवाखाना) गाठा. दुखण्यामुळे परीक्षा हुकली की मागच्या बॅचमध्ये टाकतात, याला 'रेलिगेट' होणे म्हणतात. घाबरून दुखणे लपवणाराच शेवटी जास्त मागे पडतो.

पगार भरती झाल्या दिवसापासून सुरू. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणारा निधी) कापले जाऊन २१,००० हातात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हातात येतात. निधीत सरकार कापलेल्या रकमेएवढीच रक्कम घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतात, करमुक्त. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. विमा ४८ लाखांचा आहे, त्याचा हप्ता तुमच्याकडून घेत नाहीत. मध्येच स्वतःहून बाहेर पडलात तर फक्त तुमचा कापलेला हिस्सा व्याजासह परत मिळतो, सरकारचा हिस्सा नाही.