गोलमटोल रेट्रो फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

जाडजूड, गोल टोकांचे, जुन्या पोस्टरवरून उचलल्यासारखे वाटणारे फॉन्ट सध्या सगळ्यांना हवे असतात, आणि डाउनलोड झाल्या झाल्या त्यांचं वाटोळं करायची घाईही सगळ्यांनाच असते.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे वेल्ड न करता, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच आकार न करता, फाइल कटिंगला देणं. देवनागरीत एका अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरात जराशी घुसलेली असते, रंग भरलेला असतो म्हणून स्क्रीनवर ते एकसंध दिसतं. व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये जाडी वगैरे कमीजास्त करता येते असा) असेल तर रोमन अक्षराचेही तुकडे एकमेकांवर चढलेले असू शकतात. आमच्याकडे एका नवीन पोराने काचेवर लावायचं नाव असल्याच एका फॉन्टमध्ये टाइप केलं, कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, आणि दिलं प्लॉटरला, म्हणजे विनाइलची चिकट शीट ब्लेडने कापणाऱ्या मशीनला. वेल्ड कर म्हटलं तर म्हणे, "दिसतंय की बरोबर!" अरे, प्लॉटरला रंग कुठे दिसतो, त्याला फक्त रेघ कळते. ब्लेड प्रत्येक जोडावर शिरोरेषेतून उभं गेलं, विनाइल सोलायला घेतलं तर जोडाजवळचे बारके तुकडे चिमट्याबरोबर वर यायला लागले आणि काना एकीकडे, अक्षर दुसरीकडे. सगळं फेकून परत कापलं.

मी कर्व्ह केल्यावर रंग काढून नुसती आउटलाइन बघतो, आत एक जरी रेघ दिसली तरी सगळं सिलेक्ट करून वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये असाल तर पाथफाइंडरचं युनाइट. टाइप केलेली मूळ ओळ बाजूला ठेवतोच, कारण ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय हे नेहमी नंतरच कळतं.

बॉर्डरचंही तेच. अक्षरालाच जाड स्ट्रोक दिला की अर्धा आत जातो आणि अक्षर खातो. मागे एक कॉपी ठेवा, स्ट्रोक तिला द्या.

आता बोल्ड. जो फॉन्ट मुळातच जाड आहे त्याला वर B चं बटण दाबून अजून जाड करायचं म्हणजे हद्द झाली. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' फॉन्ट बघा, त्याला एकच वजन (जाडी) आहे आणि अक्षरांच्या आत नुसत्या फटी, खोटा बोल्ड लावला की त्या बुजल्याच. लहान साइझला छापलं तर शाई पसरूनही बुजतात. मोठा वापरा, दोन-चार शब्दांपुरता वापरा, खालचा मजकूर साध्या फॉन्टमध्ये.

स्पेसिंग सैल सोडू नका. कूपर ब्लॅक लोकांना सत्तरच्या दशकातला वाटतो, पण तो आहे १९२२ चा, ऑझ्वल्ड कूपरचा. सत्तरचा म्हणून जो लूक आपल्याला आठवतो त्यात अक्षरं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असतात, कारण फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे फोटोच्या पद्धतीने अक्षरजुळणी करताना, तसं करणं सोपं झालं होतं, शिशाच्या खिळ्यांना ते जमत नव्हतं. म्हणून रोमनमध्ये मी ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) थोडं मायनसला नेतो. देवनागरीत मात्र ट्रॅकिंगला हात लावत नाही, वाढवलं तर शिरोरेषाच तुटते.

तपकिरी, केशरी, सूर्यकिरणं, ग्रेन (दाणेदार पोत), सावली हे सगळं एकाच डिझाइनमध्ये नको, एक काहीतरी निवडा.

आणि रोमनमधला गोल ओ, अक्षरं जिच्यावर बसतात त्या बेसलाइनच्या किंचित खाली जातो म्हणून त्याला ओढून सरळ रेषेत बसवणारे महाभाग! तो मुद्दाम तसा काढलेला असतो, नाहीतर शेजारच्या अक्षरांपेक्षा लहान दिसेल, तेव्हा त्याला तिथेच राहू द्या.