पाइनवर स्टेनचे डाग पडत होते, ते असे थांबवले

पाइनच्या फळीवर अक्रोड रंगाचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावला की कुठे काळपट ढग, कुठे फिकट पट्टे दिसतात. दोष स्टेनचा नसतो. पाइनचा मऊ, सच्छिद्र भाग रंग भराभर पितो, गाठीजवळचा कठीण भाग जवळजवळ पीतच नाही. वरून आणखी हात मारला तर डाग गडदच होतात.

उपाय म्हणजे स्टेनआधी चपडा लाखेचा अगदी पातळ हात. अर्धा लिटर मिथिलेटेड स्पिरिटमध्ये 40 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा. मेण तळाशी बसू द्या आणि वरचे स्वच्छ द्रावणच वापरा, कारण मेण राहिले तर वरचा पीयू (पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर) नीट धरत नाही. लाकूड आधी 120, मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा. फळीची कापलेली टोके सगळ्यात जास्त रंग ओढतात, त्यांना 240 पर्यंत न्या आणि लाखेचे दोन हात द्या.

लाख लावल्यावर तासाभराने 320 चा पेपर हलकेच फिरवा. जोर लावलात तर लाख निघून तिथेच डाग उठेल.

स्टेन ऑइल बेसचाच घ्या, शक्यतो जेल, म्हणजे घट्टसर. पाण्याचा स्टेन लाखेवर नीट मुरत नाही. तीन-चार मिनिटांनी कापडाने पूर्ण पुसा. रंग थोडा फिकट येईल. हवा तर दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. त्याच फळीच्या तुकड्यावर आधी नमुना काढाच. स्टेन पुसलेले तेलकट बोळे मोकळे पसरून वाळवा, गोळा करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात.