'पण'च्या पुढे काय होतं? आरोग्य-संवादाच्या लॅबमधली चार वर्षं

माझी पहिली मुलाखत ३१ मिनिटांची होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त मिनिटं मीच बोलत होते. मुलाखत घेताना याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ती कागदावर उतरवायला बसले तेव्हा घाम फुटला. तुर्भ्यातल्या एका काकू टीबीच्या गोळ्यांचा चौथा महिना कसा चाललाय ते सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "गोळ्या घेते मी, पण..." आणि त्या 'पण'वर मी टपकले, "नाही नाही काकू, सहा महिने पूर्ण करायलाच हवेत हं!" त्यानंतर काकू नुसत्या 'हो' म्हणत गेल्या. १६ वेळा 'हो'. मी मोजले. त्या 'पण'च्या पुढे काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या आरोग्य-संवाद लॅबमध्ये मला आता चार वर्षं झाली. दर पावसाळ्यात नवी मुलंमुली येतात, त्यांचे प्रश्न तेच असतात, आणि दरवेळी चहा गार होईपर्यंत मी तेच सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

लॅब म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर परीक्षानळ्या आल्या होत्या. इथे तसलं काही नाही. दोन खोल्या, काही कॉम्प्युटर, संमतीपत्रं ठेवायचं कुलपाचं कपाट आणि एक किटली. काम काय, तर आजार, औषधं, लसी, तपासण्या यांबद्दल लोकांना काय सांगितलं जातं, त्यातलं त्यांच्यापर्यंत काय पोचतं आणि पोचल्यावर त्याचं ते काय करतात, याचा अभ्यास. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की आपण पोस्टर बनवायला आलोय. पोस्टर बनतं, पण फार शेवटी, आणि कधीकधी बनतच नाही.

इथे कोणत्या शाखेची माणसं येतात? सगळ्याच. जनसंवादवाले, एमएसडब्ल्यूवाले, मानसशास्त्र, नर्सिंग. आमच्याकडे एक बीएएमएस झालेली मुलगीही आहे. मी स्वतः जनसंवादाची. माझ्या नोकरीच्या मुलाखतीत आमच्या लॅबच्या मॅडमनी मधुमेहाचं एक माहितीपत्रक हातात दिलं आणि म्हणाल्या, "बाहेर मावशी बसल्यात, त्यांना हे समजावून सांगून या." मी दहा मिनिटं समजावलं. मग मॅडमनी मावशींना विचारलं, "काय कळलं?" मावशी म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे." नोकरी मिळाली, पण ते उत्तर मला पुढे फार दिवस टोचत राहिलं. आपण सांगितलेलं समोरच्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगावं, ही खरं तर दवाखान्यांसाठीची एक साधी, प्रस्थापित पद्धत आहे. तेव्हा मला तिचं नावही माहीत नव्हतं.

आता शब्दांबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचं निम्मं काम हेच आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करा, हा संदेश सगळ्यांनी ऐकलेला असतो. तपासणीसाठी काय द्यायचं? बऱ्याच कागदांवर लिहिलेलं असतं 'थुंकी'. आता कुणाला डबी देऊन 'थुंकी द्या' म्हटलं तर तो काय करेल? थुंकेल. डबीत लाळ जाते. हवा असतो तो छातीतून खोल खोकून काढलेला बेडका, आणि दोन नमुन्यांपैकी एक सकाळी उठल्या उठल्याचा. 'बेडका' म्हटलं की तुर्भे स्टोअरच्या आजीपासून दिघ्याच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. पण हा शब्द कागदावर घालायचा म्हटला की सुशिक्षितांना कसंतरी होतं. आमच्याच बैठकीत एक जण म्हणाला, "जरा घाण वाटतं ना ते." अहो, बेडका घाणच असतो.

'प्रतिबंध' हाही तसलाच शब्द. 'डेंग्यू प्रतिबंध' वाचून एका काकांनी मला विचारलं होतं, "बंदी घातली का?" 'डासोत्पत्ती स्थाने' बद्दल तर मी बोलतच नाही.

उतरवून घेताना होणाऱ्या चुका याहून वाईट, कारण त्या दिसत नाहीत. खाणीवर काम केलेल्या, मूळच्या मराठवाड्यातल्या एका काकांनी सांगितलं होतं, "जिना चढलं की दम लागतो." आमच्या एका मुलाने लिहिलं, "जिना चढलं की दमा लागतो." एका कान्याने त्या माणसाला नवा आजार दिला, आणि तो पुढे इंग्रजी भाषांतरातही गेला. मॅडमनी मूळ रेकॉर्डिंग परत ऐकायला लावलं म्हणून सापडलं. आता मराठी बोलणं आपोआप उतरवणारी सॉफ्टवेअर आली आहेत. कच्च्या कामाला बरी आहेत, पण माणूस बोलताबोलता गप्प झाला, मागे कुकरची शिट्टी झाली, सून आत आली आणि काकूंचा आवाज खाली गेला, हे त्यांना कळत नाही. तुम्हाला कळलं पाहिजे. आणि कुठल्याही फुकट वेबसाइटवर रेकॉर्डिंग चढवू नका. ज्याचा आवाज आहे त्याने तेवढी परवानगी दिलेली नसते.

एका तासाचं बोलणं उतरवायला मला सुरुवातीला सहा तास लागायचे. अजूनही चार लागतात. नवीन आलेले यालाच सगळ्यात जास्त कंटाळतात, आणि हे काम सोडून जाणारे बहुतेक याच टप्प्यावर जातात.

मुलाखतीच्या आधी येतं ते संमतीपत्र. माणसांवरच्या कोणत्याही आरोग्य-संशोधनाला आधी नीतिसमितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी लागते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती पहिल्या आठवड्यात वाचा. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हवा, हे त्यात आहे. मात्र एखाद्या झोपडपट्टीत अंगठा मागितल्यावर काय होतं, ते प्रत्यक्षच बघावं लागतं. "अंगठा कशाला? घर पाडणार का?" हा प्रश्न मला किमान दहा घरांत आला आहे. सर्वेवाले, कागदवाले, फोटोवाले येऊन गेले की नंतर काय होतं ते त्या लोकांनी पाहिलेलं असतं. तिथे घाई करायची नाही. आशाताईंना सोबत न्यावं, पण मुलाखतीच्या वेळी त्यांना हळूच बाहेर चहाला पाठवावं. त्यांच्यासमोर "गोळ्या चुकल्या" असं कोण सांगेल?

आमच्याकडून झालेली एक चूक सांगते. टीबी झालेल्या बायकांच्या अभ्यासाचं संमतीपत्र होतं, आणि त्याच्या डोक्यावर जाड अक्षरांत छापलेलं होतं, 'क्षयरोगग्रस्त महिलांचे अनुभव'. नियमाप्रमाणे एक प्रत त्या बाईकडे ठेवायची. कोपरखैरण्याला एका खोलीत राहणाऱ्या मुलीने ती प्रत घेतली, चार घड्या केल्या, ब्लाउजमध्ये ठेवली, आणि मी निघताना दारात परत माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "ताई, हे इथे कुठे ठेवू?" दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, आणि शेजारणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिची गोष्ट गुप्त राहावी म्हणून केलेला कागदच तिची गोष्ट फोडणार होता. मथळा बदलायचा तर तो बदल परत समितीकडे न्यावा लागतो. आम्ही नेला. मंजुरी यायला वेळ लागला, आणि तोवर त्या मुलाखती बंद ठेवल्या. अनुदानाची मुदत अर्थातच चालूच होती.

आणखी एक. लोक तुम्हाला सिस्टर समजतील, डॉक्टर समजतील, महापालिकेच्या समजतील. "ही गोळी बंद केली तर चालेल का?" "ते पोषण आहाराचे पैसे खात्यात कधी जमा होणार?" (टीबीच्या रुग्णांना उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले.) उत्तर माहीत असलं तरी औषधाबद्दल बोलू नका. जवळच्या नागरी आरोग्य केंद्राचं नाव आणि वेळ वहीत लिहिलेली ठेवा, ती द्या. मी पहिल्या वर्षी उगाच शहाणपणा करायचे.

मुलाखती झाल्या की कोडिंग. हे ऐकून मामा म्हणाले होते, "मग आयटीतच का नाही गेलीस?" इथलं कोडिंग म्हणजे उतरवलेल्या मजकुरातल्या वाक्यांना नावं देणं. तोच मजकूर दोघांनी वेगवेगळा बसून वाचायचा, आपापली नावं द्यायची, मग जुळवून बघायचं. योगायोगाने जुळलेलं वजा करून खरं किती जुळलं ते सांगणारा एक आकडा असतो, कोहेनचा कप्पा. १ आला तर पूर्ण एकमत. शून्याच्या आसपास आला तर छापाकाटा केला असता तरी तेवढंच जुळलं असतं. आमचा पहिला कप्पा पाहून सहकारी म्हणाला, "आपण दोघांनी एकच मुलाखत वाचली ना?"

भांडण एका वाक्यावरून झालं होतं. एक सून सांगत होती, "सासूबाई गोळ्या चहाच्या जुन्या डब्यात ठेवतात. वेळ झाली की स्वतः हातात देतात. म्हणतात, कोणासमोर काढू नको." मी नाव दिलं 'कुटुंबाचा आधार'. त्याने दिलं 'लपवाछपवी'. दीड तास वाद चालला. मी म्हणाले, सासू रोज न विसरता गोळी देते, अजून काय आधार हवा? तो म्हणाला, मग डबा चहाचा का? शेवटी मॅडमनी विचारलं, "दोन्ही नावं द्यायला कुणी बंदी केली आहे का?" त्या घरात ते दोन्ही एकच होतं, आणि तो डबा आमच्या अहवालात आला तो तसाच, दोन्ही नावांनिशी.

पुस्तकात सिद्धांत येतील, त्यांना घाबरू नका. हेल्थ बिलीफ मॉडेल नावाचं एक फार जुनं प्रारूप आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले मानसशास्त्रज्ञ एका साध्या प्रश्नाने हैराण झाले होते: टीबीसाठी छातीचा एक्स-रे फुकट आहे, तरी लोक का येत नाहीत? मला हा आजार होऊ शकतो असं वाटतं का, झाला तर किती वाईट, तपासून फायदा काय, आणि आड काय येतं, असे धागे त्यांनी वेगळे केले. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. कळलं ते डेंग्यूच्या कामात.

डोंगरउतारावरच्या एका वस्तीत आम्ही गटचर्चा घेत होतो. हातातल्या पत्रकावर ठळक अक्षरांत होतं, 'घरात पाणी साठवू नका'. तिथे पाणी पहाटे थोडा वेळ यायचं. एक ताई शांतपणे म्हणाल्या, "बरं, ओतून देते. मग उद्या चार वाजता तुम्ही येणार का भरायला?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि पत्रक पिशवीत टाकलं. डेंग्यूचा धोका त्यांना पाठ होता; दोघींच्या घरी होऊन गेला होता. अडत होतं ते पिंपापाशी. एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटवून, आणि ती सुकी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायला लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस जातात, म्हणून आठवड्यातून एकदा. आम्ही त्या बायकांनाच विचारलं, पिंप तळाला कधी जातं? उत्तर आलं, ज्या दिवशी गोधड्या धुतो त्या दिवशी. मग संदेश तोच झाला: गोधडीच्या दिवशी पिंपाची कड घासा. 'कोरडा दिवस पाळा' (म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून सुकवा) यापेक्षा तो त्यांना जवळचा वाटला.

पैशांचं थोडक्यात. यूजीसी नेट ही परीक्षा होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं. ती नसेल तर प्रकल्पावरचं कंत्राटी मानधन, जे बरंच कमी असतं आणि अनुदान संपलं की संपतं. माझं एकदा तीन महिने अडकलं होतं. दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या. रिक्षावाला पावती देत नाही, म्हणून प्रवासाची वही रोजच्या रोज भरा. महिनाअखेरीला रबाळ्याहून घणसोलीला नक्की कधी गेलो होतो ते देवालाही आठवत नाही. फील्डची वेळ दुपारी दोन ते चार ठेवा. सकाळी पाणी, संध्याकाळी स्वयंपाक.

माझ्या त्या पहिल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग प्रकल्प संपल्यावर नियमाप्रमाणे पुसलं गेलं. उतरवलेला कागद आहे, नावगाव काढलेला. नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी मी तो समोर ठेवते. मी जिथे जिथे तोंड घातलं तिथे लाल पेनाने गोल केले आहेत, पान पार गोवर झाल्यासारखं दिसतं. मग त्यांची पहिली मुलाखत झाली की आम्ही ती शेजारी बसून ऐकतो. हेडफोन घरून आणा. लॅबमध्ये दोन आहेत, आणि त्यातल्या एकाचा डावा कान चालत नाही.