पंचनामा होऊन गेल्यावरची भेट

अतिवृष्टीनंतर पहिले आठ दिवस घरात माणूस मावत नाही. तलाठी, पुढारी, पाहुणे, सगळे येऊन जातात. खरं जायचं ते त्यानंतर, पंचनामा होऊन गाव आपापल्या कामाला लागल्यावर. औसा तालुक्यात आशाताई म्हणून फिरताना मला हेच दिसलंय.

जाताना हाताला काहीतरी काम घेऊन जा. 1993 च्या भूकंपात किल्लारीजवळचं आमचं घर पडलं. पत्र्याच्या शेडमध्ये आजीनं बोलणंच टाकलं. शेजारच्या काकू रोज दुपारी डाळ घेऊन यायच्या, सूप आजीच्या मांडीवर ठेवायच्या आणि गुमान खडे वेचत बसायच्या. "धीर धरा" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. एके दिवशी आजीच म्हणाली, "डाळीला किडं लागलेत की गं."

2025 च्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेलं. पुढं गल्लीतल्या एका तात्यांकडं मी अशीच मेथीची जुडी घेऊन गेले. (त्यांना विचारूनच लिहितेय.) म्हैस धारेसाठी हंबरत होती आणि तात्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. झोप, भूक, कामातलं मन दोन आठवडे असं उडालेलं असेल तर त्याला आळस म्हणू नका, ते नैराश्य असू शकतं. अशा वेळी आडून विचारू नका. मी म्हणाले, "तात्या, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही. तात्या बराच वेळ रडले, मग "हो" म्हणाले.

"हो" आलं की एकटं सोडायचं नाही. फवारणीच्या औषधाचे डबे त्याच दिवशी घरातून हलवायचे. आम्ही दुसरीकडं नेऊन कुलपात ठेवले. मग 14416 लावला. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. फोन संपेपर्यंत मी शेजारीच बसले.

दुसऱ्या दिवशी लातूरला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरकडं. "दाखवून या" म्हणून सांगितलं की माणूस एसटी स्टँडावरून परत येतो, म्हणून मी बरोबर गेले. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि नेमकं त्याच काळात लोक गोळ्या सोडतात. तेव्हा रोज एक चक्कर मारा. कर्जाचा विषय चारचौघांत काढू नका.

तात्यांच्या घरच्या काकूंना मात्र कुणी विचारत नाही. म्हशीची धार, बँकेचे कागद, पोरांची फी, सगळं त्यांच्यावर आलंय. आता मेथी नेली की मी आधी चुलीपाशी जाते.