या चुका टाळा: क्लायंट कधीचाच गेला, सर्व्हर अजून वाट बघतोय

कळमना मार्केटमधून संत्र्यांचा ट्रक निघालाय आणि त्यातला ट्रॅकर दर १० सेकंदांनी सर्व्हरला जागा कळवतोय, असं धरा. मनसर सोडून गाडी देवलापारच्या जंगलात शिरली आणि रेंज गेली. सर्व्हरच्या लेखी कनेक्शन शाबूत. थोड्या वेळाने मालकाचा फोन: "भाऊ, गाडी मनसरलाच उभी दिसून राहिली ना!" मग नकाशाच्या कोडमध्ये बग शोधणं सुरू होतं. तो तिथे नसतो.

कनेक्शन तुटलं की टीसीपी (दोन मशीनमध्ये डेटा नेणारा प्रोटोकॉल) आपल्याला कळवेल, हा भरवसाच चुकीचा आहे. समोरचा प्रोग्राम बंद झाला किंवा क्रॅश झाला, तर तिकडची ऑपरेटिंग सिस्टिम फिन किंवा रीसेट (कनेक्शन संपल्याची सूचना देणारं पॅकेट) पाठवते. पण रेंज गेली, किंवा बुटीबोरीत लाइन जाऊन राउटरसकट सगळं बंद पडलं, तर कळवायला कोणी उरतच नाही. नुसता रीडवर, म्हणजे डेटा वाचायच्या कॉलवर, थांबलेला सर्व्हर मग कितीही दिवस थांबू शकतो. 'कीप-अलाइव्ह चालू केलंय की!' हे उत्तर नेहमी ऐकू येतं. कीप-अलाइव्ह म्हणजे शांत पडलेलं कनेक्शन जिवंत आहे का, ते ऑपरेटिंग सिस्टिमने तपासणं. लिनक्सवर त्याची मूळ सेटिंग अशी: ७२०० सेकंद शांतता, मग ७५-७५ सेकंदांनी ९ तपासण्या. दोन तास अकरा मिनिटं झाली. तेव्हा हे आकडे कमी करा, आणि त्याहून बरं म्हणजे स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये हार्टबीट, म्हणजे ठरावीक वेळाने 'मी आहे' असा संदेश, ठेवा. सलग तीन संदेश चुकले की कनेक्शन बंद, एवढा साधा नियमही पुरतो.

खरी गंमत रेंज परत आल्यावर होते. ट्रॅकर नवं कनेक्शन जोडतो, जागा येऊ लागते. तेवढ्यात जुन्या कनेक्शनचा टाइमआउट होतो, त्याचा क्लीनअप चालतो आणि सर्व्हरच्या चालू कनेक्शनच्या यादीतून त्या गाडीची नोंद उडवतो. ती नोंद आता नव्या कनेक्शनची असते! डेटा येतोय, पण डॅशबोर्डवर गाडी ऑफलाइन. क्लीनअपमध्ये नुसता डिव्हाइस क्रमांक बघून नोंद काढू नका. यादीत अजून हेच कनेक्शन आहे का, ते आधी तपासा.

रीडच्या उत्तराचे अर्थ सरसकट एक धरू नका. ० आलं म्हणजे समोरच्याने पाठवणं रीतसर संपवलं. त्याकडे दुर्लक्ष केलं, तर पुढचा प्रत्येक रीड लगेच ० देतो आणि लूप एक अख्खा कोर खाऊन बसतो. -१ म्हणजे दर वेळी तुटलंच असं नाही. सोबतचा एरर कोड ई-अगेन असेल तर आत्ता डेटा नाही, एवढंच. ई-इंटर असेल तर सिग्नलमुळे वाचन मध्येच थांबलं, पुन्हा वाचा.

सी आणि सी++ वाल्यांसाठी सिगपाइप (तुटलेल्या कनेक्शनवर लिहिलं की येणारा सिग्नल) हा वेगळा ताप. क्लायंट सॉकेट बंद करून गेल्यावर पहिला राइट बहुधा यशस्वी होतो, त्यावर तिकडून रीसेट येतो, आणि पुढच्या राइटला सिगपाइप. तो हाताळला नसेल तर अख्खी प्रोसेस मरते. एक गिऱ्हाईक गेलं म्हणून सगळ्यांचं दुकान बंद. सुरुवातीलाच सिग्नल इग्नोर करा आणि ई-पाइप ही साधी एरर म्हणून हाताळा. पायथन हे आपोआप करतो.

राइट यशस्वी झाला म्हणजे डेटा पोचला, असंही नाही. तो फक्त कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये गेला. पैशाचा व्यवहार असेल तर पोच मागा आणि प्रत्येक मागणीला क्रमांक द्या, म्हणजे पुन्हा पाठवलेली मागणी दुसऱ्यांदा नोंदली जात नाही.

सगळ्यात घातक मला दुहेरी क्लोज वाटतो, कारण तो लॉगमध्ये दिसत नाही. एका थ्रेडने डिस्क्रिप्टर (उघड्या कनेक्शनला कर्नलने दिलेला क्रमांक) १७ बंद केला. नव्या क्लायंटला कर्नलने सर्वांत लहान मोकळा क्रमांक दिला, तोही १७. आता दुसऱ्या थ्रेडने आपला जुना समजून १७ पुन्हा बंद केला, तर भलत्याचंच कनेक्शन तुटतं. त्याने बंद करण्याऐवजी लिहिलं तर एकाचा डेटा दुसऱ्याकडे जातो. क्लोज करण्याचा हक्क कोडमध्ये एकाच जागी ठेवा.

सर्व्हर अडकला की आधी एसएस (ss) कमांड चालवा, ती प्रत्येक कनेक्शनची स्थिती दाखवते. क्लोज-वेट स्थितीतली कनेक्शन वाढत असतील तर समोरचा बंद करून गेलाय, तुमच्या कोडने क्लोज केलेलं नाही. कर्नल सेटिंग बदलून ते सुटत नाही. टाइम-वेट (बंद झाल्यावर थोडा वेळ रेंगाळणारी कनेक्शन) दिसले तर घाबरू नका, लिनक्सवर ते ६० सेकंदांत जातात.

आणि कंट्रोल-सी मारून क्लायंट बंद केला, म्हणजे चाचणी झाली असं समजू नका. तेव्हा कर्नल स्वतःच कनेक्शन बंद करून समोरच्याला कळवतो. आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) दोन्ही बाजूंचे पॅकेट गुपचूप ड्रॉप करा, क्लायंट चालू राहू द्या, आणि सर्व्हरला कळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.