फोरके व्हिडिओ अडकत होता, आता चालतो: माझा अनुभव

देवगडचं आमचं घर जुनं, जांभ्याचं. राउटर पडवीत, टीव्ही माजघरात, मधे दीड फुटाची भिंत. लॅपटॉपमधली फोरके फाइल टीव्हीमागच्या छोट्या मीडिया प्लेयरवर लावली की दर दोन मिनिटांनी चक्र फिरायचं. साधा एचडी व्हिडिओ मात्र सुरळीत.

प्लेयर रीसेट केला. इंटरनेटचा प्लॅन वाढवला. पण फाइल घरातल्या घरातच फिरते, त्याने काय होणार! पंधरा दिवस डोकं उठलं.

शेवटी जमलं ते असं. आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला, नाहीतर तोच डेटा हवेतून दोनदा जातो. मग राउटर मधल्या दाराच्या चौकटीवर बसवला, म्हणजे जांभा आडवा येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ या वेगवान पट्ट्याला वेगळं नाव दिलं, चॅनेल ३६, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. प्लेयरमधून २.४ गिगाहर्ट्झ या हळू पट्ट्याचं जुनं नाव काढून टाकलं. हे विसरू नका, तो हळूच परत तिकडे जातो. सगळ्यात शेवटी वीतभर एचडीएमआय एक्स्टेन्शन लावून प्लेयर टीव्हीच्या आडून बाहेर काढला.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर प्लेयरचा लिंक स्पीड, म्हणजे राउटरशी जोडणीचा वेग, आधी ३९ एमबीपीएस दिसायचा, आता ४३३. काल अख्खा सिनेमा एकदाही न थांबता पाहिला.